मेदऊतकातील चेतातंतू आणि दाह

चरबीच्या साठ्यात (मेदऊतकात) पसरलेले चेतातंतू, म्हणजे नसांचे धागे, आणि त्याच साठ्यात धुमसणारा सौम्य दाह, म्हणजे रोगप्रतिकारक पेशींची सततची खळबळ, यांचा लठ्ठपणाशी असलेला संबंध हा इथला विषय. मराठवाड्यात ज्वारीचे पेव जसे सुगीत भरायचे आणि दुष्काळात उपसायचे, तशीच चरबी, असा समज जुना आहे. पण पेव बोलत नाही. चरबी बोलते. मेदपेशी लेप्टिन हे संप्रेरक स्रवतात आणि साठा किती आहे ते मेंदूला कळवतात. हा शोध १९९४ सालचा.

मेंदूचे उत्तर अनुकंपी (सिम्पथेटिक), म्हणजे आपल्या इच्छेविना आपोआप काम करणाऱ्या, चेतातंतूंमार्फत येते. त्यांच्या टोकांतून नॉरॲड्रेनॅलिन हे संदेशवाहक रसायन सुटते, मेदपेशीवरील ग्राहींना (संदेश टिपणाऱ्या प्रथिनांना) भिडते आणि पेशीतला मेद फुटून मेदाम्ले रक्तात उतरतात. तपकिरी मेद या चरबीच्या वेगळ्या प्रकारात याच संदेशाने चरबी जळून उष्णता निर्माण होते.

साठा फार वाढला की बिघाड सुरू होतो. पेशी फुगतात, काही मरतात आणि मेलेल्या पेशींभोवती मॅक्रोफेज या भक्षक पेशी कडे करतात. त्यांच्याकडून येणारी टीएनएफ-अल्फासारखी दाह वाढवणारी द्रव्ये इन्सुलिनचे काम अडवतात. त्याहून विलक्षण गोष्ट २०१७ मध्ये उंदरांत दिसली: चेतातंतूंना चिकटून राहणारे काही मॅक्रोफेज नॉरॲड्रेनॅलिन शोषून त्याचे विघटन करतात आणि लठ्ठ उंदरांत त्यांची संख्या वाढलेली असते. शिवाय दाहामुळे मेदपेशीही या संदेशाला पुरेशी दाद देत नाहीत. म्हणजे हुकूम सुटतो, पण साठा हलत नाही. ‘मनावर घेतलं की वजन उतरतं’ म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

उदरातील मेदात मॅक्रोफेज त्वचेखालच्या मेदापेक्षा जास्त आढळतात. त्यामुळे मोंढ्यात दिवसभर गादीवर बसणारा, हातापायांनी किरकोळ पण पोट सुटलेला माणूस वजनकाट्यावर निर्धोक वाटला तरी तसा असेलच असे नाही. भारतीयांसाठी कंबरेची मर्यादा पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटर धरतात. पुण्याजवळच्या खेड्यांत मधुमेह-संशोधक डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाला नवजात बाळांतही हाच कल दिसला: वजन इंग्लंडमधील बाळांपेक्षा बरेच कमी, चरबी मात्र त्या मानाने टिकून.

मेदपेशीवरील बीटा-३ नावाच्या ग्राहींना भिडून चेतासंदेशाची नक्कल करणारी औषधे उंदरांत गुणकारी ठरली, माणसांचा लठ्ठपणा मात्र त्यांनी हटला नाही. त्यांपैकी मिराबेग्रॉन आज वारंवार लघवीला लागण्याच्या तक्रारीवर दिले जाते.