नॅचेझची पिलग्रिमेज

अमेरिकेच्या मिसिसिपी राज्यातील नॅचेझ शहरात उत्तर व दक्षिण राज्यांतील यादवी युद्धापूर्वी (1861–65) बांधलेल्या प्रासादतुल्य घरांची दारे वर्षातील ठरावीक काळात प्रेक्षकांसाठी उघडली जातात. या प्रथेस 'पिलग्रिमेज' (तीर्थयात्रा) म्हणतात. यांपैकी अनेक घरांत आजही कुटुंबे राहतात. मिसिसिपी नदीच्या उंच कड्यावरील या वसतीचा आरंभ 1716 मधील फ्रेंच किल्ल्यापासून झाला, तरी तिचे वैभव एकोणिसाव्या शतकातील कापसाचे होते. मळेवाल्यांची शेते बहुधा नदीपलीकडे लुइझियानात असत आणि घरे नॅचेझमध्ये. युद्धात शहराने 1862 मध्येच शरणागती पत्करल्याने ही घरे विध्वंसातून वाचली.

पुढे सोंडकिडीने कापसाचे पीक बुडवले, त्यात महामंदीची भर पडली आणि घरांची डागडुजीही मालकांना परवडेना. 1931 मध्ये उद्यान मंडळाच्या राज्य-संमेलनासाठी पाहुणे आले, तेव्हा अवेळी पडलेल्या कडाक्याच्या थंडीने बागा करपल्या होत्या, म्हणून यजमान स्त्रियांनी त्यांना घरेच दाखवली, असे सांगितले जाते. 1932 पासून कॅथरीन ग्राफ्टन मिलर यांच्या पुढाकाराने हा वार्षिक उपक्रम झाला. तिकिटांच्या उत्पन्नातून अनेक वास्तूंची दुरुस्ती झाली, हे त्याचे निर्विवाद श्रेय होय.

सर्वांत विलक्षण वास्तू म्हणजे लाँगवुड. हॅलर नट या धनाढ्य मळेवाल्यासाठी फिलाडेल्फियाचे वास्तुविशारद सॅम्युएल स्लोन यांनी आखलेल्या या अष्टकोनी घराचे काम 1860 मध्ये सुरू झाले; परंतु युद्ध पेटताच उत्तरेकडील कारागीर निघून गेले. नियोजित 32 खोल्यांपैकी तळमजल्यावरील 9 पूर्ण झाल्या. 1864 मध्ये नट वारले, कुटुंब त्या तळमजल्यावरच राहिले, आणि वरचे मजले, कांद्याच्या आकाराच्या घुमटासह, आजही आतून उघड्या विटा-लाकडांचेच आहेत.

मेलरोझ या 1840च्या दशकातील घरात जेवणाच्या मेजावर टांगलेला मोठा लाकडी पंखा आहे. आपल्याकडे इंग्रजी अमलात कचेऱ्यांतून असे पंखे दोरीने ओढले जात. येथे ती दोरी गुलामाच्या हाती असे. घरामागे गुलामांच्या राहत्या वास्तू अजून उभ्या आहेत, आणि त्या पाहिल्यावाचून दिवाणखान्याचा अर्थ उलगडत नाही. पिलग्रिमेजने मात्र अनेक दशके घेरदार झगे घातलेल्या यजमानिणी आणि मालक-कुटुंबांच्या कथा यांवरच भर दिला. ज्यांच्या श्रमावर हे वैभव उभे राहिले ते कथनात जवळपास नव्हतेच. ही उणीव गंभीर होती.

1988 मध्ये स्थापन झालेल्या नॅचेझ राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यानाने, म्हणजे संरक्षित वारसास्थळांच्या समूहाने, ती काही अंशी भरून काढली. मेलरोझबरोबरच विल्यम जॉन्सन या स्वतंत्र कृष्णवर्णीय न्हाव्याचे घरही त्यात आहे. गुलामगिरीत जन्मलेल्या, पुढे मुक्त झालेल्या आणि स्वतःही गुलाम बाळगणाऱ्या जॉन्सनने 1835 पासून 1851 मधील आपल्या हत्येपर्यंत लिहिलेली रोजनिशी त्या काळच्या शहराचा अनमोल दस्तऐवज आहे. शहराच्या कडेला असलेल्या 'फोर्क्स ऑफ द रोड' या गुलामबाजाराची जागा 2021 मध्ये उद्यानात समाविष्ट झाली. न्यू ऑर्लिन्सखालोखाल दक्षिणेच्या कापूसपट्ट्यातील हा सर्वांत मोठा गुलामबाजार होता, आणि 1863 मध्ये संघराज्याच्या, म्हणजे उत्तरेच्या, सैन्याने शहरात तळ ठोकल्यावरच तो बंद पडला.