पन्हळ (घराच्या छपराची)

उतरत्या छपराच्या कडेला, वळचणीला बसवलेली, पावसाचे पाणी गोळा करून उभ्या पाइपात सोडणारी उघडी नाळ. (पन्हळी पत्रा ही निराळी वस्तू.) कोकणात पूर्वी उभ्या चिरलेल्या पोफळीची किंवा बांबूची पन्हळ लावत; पुष्कळ घरांना ती नसेच, पागोळ्या थेट अंगणात पडत. ठाण्याचा चेंदणी कोळीवाडा, नवी मुंबईतील दिवाळे किंवा घणसोली गाव अशा दाटीच्या वस्तीत तेवढे अंगण उरलेले नाही. आपल्या पागोळ्या शेजाऱ्याच्या भिंतीवर जातात आणि जूनच्या पहिल्या सरीलाच भांडण होते.

निवड मापापासून करावी. दुकानात ती बहुधा रंगापासून सुरू होते. 1 चौ.मी. छपरावर 1 मि.मी. पाऊस म्हणजे 1 लिटर पाणी. ताशी 100 मि.मी.च्या जोराने सर कोसळली, तर 60 चौ.मी. छपरावरून मिनिटाला 100 लिटर पाणी उतरते. अशा सरीला 100 मि.मी. व्यासाचा पाइप साधारण 40 चौ.मी. छपराला पुरतो, 75 मि.मी.चा जेमतेम 20 ला. म्हणून दुपाखी छपराला दोन्ही अंगांना वेगळा पाइप हवा.

तेवढ्याच रुंदीत चौकोनी पन्हळ अर्धगोलापेक्षा जास्त पाणी नेते. पण तिच्या कोपऱ्यांत गाळ धरतो. ठाण्याच्या येऊर डोंगराच्या पायथ्याशी, जिथे झाडांचा पाला छपरावर पडतो, तिथे अर्धगोल बरी. साफसफाई राहिली की त्या गाळात पिंपळाचे रोप उगवते.

खाडीकाठच्या खाऱ्या हवेत जस्ती पत्र्याची पन्हळ स्वस्त पडते, पण टिकत नाही. कापलेली कड आणि स्क्रूची भोके आधी गंजतात. पीव्हीसीला गंज नाही. मात्र उन्हाने ती ठिसूळ होते आणि तापली की लांबते, त्यामुळे सांध्यात मोकळीक ठेवावी लागते. ॲल्युमिनियम महाग, तरी खाडीलगत तेच परवडते. त्याला स्क्रू स्टेनलेस स्टीलचेच हवेत.

उतार दहा फुटांना निदान अर्धा इंच. बाहेरची कड आतल्या कडेपेक्षा किंचित खाली ठेवतात, म्हणजे पन्हळ तुंबली तरी पाणी भिंतीत न मुरता बाहेर सांडते. मे महिन्यात वरच्या टोकाला एक बादली ओतून पाहावी. पाणी जिथे थांबेल तिथला ब्रॅकेट वाकलेला असतो, आणि डासही तिथेच होतात.