थंडी सोसणारा मासा आणि सीमेवरची चौकशी

टोरांटोहून न्यू जर्सीला बिऱ्हाड हलवणाऱ्या एखाद्या कुटुंबाच्या घरात दोन फिशटँक आहेत असे धरू. एकात गोल्डफिश आहेत आणि दुसऱ्यात निऑन टेट्रांचा घोळका. प्रवास मोटारीने आठ-नऊ तासांचा आहे आणि वाटेत नायगाराच्या आसपास कुठेतरी पूल ओलांडून अमेरिकेत शिरायचे आहे. वाहतुकीच्या दृष्टीने गोल्डफिश हा अगदी सोयीचा मासा आहे, कारण पाणी दहा-बारा अंश सेल्सिअसपर्यंत उतरले तरी त्याचे फारसे बिघडत नाही. टेट्रा मात्र ॲमेझॉनच्या खोऱ्यातला आहे आणि पाणी विशीच्या खाली गेले की तो मलूल होऊ लागतो. सीमेवर नेमके उलटे घडते. गोल्डफिशसाठी अमेरिकेच्या कृषी खात्याचा आयात परवाना आणि पशुवैद्यकाचे आरोग्य प्रमाणपत्र लागते, तर टेट्राला या खात्याची अशी अट नाही. त्याच्यासाठी वन्यजीव खात्याच्या घोषणापत्रासारखे सोपस्कार तेवढे उरतात. न्यायला सोपा मासा आत घ्यायला अवघड का, या प्रश्नाचे उत्तर माशाच्या शरीरातच सापडते. थंड पाण्यात तगून राहण्याची त्याची जी क्षमता प्रवासात उपयोगी पडते, तीच सीमेवर त्याच्या आड येते.

या नियमाच्या मुळाशी एक विषाणू आहे. ‘स्प्रिंग व्हायरेमिया ऑफ कार्प’ हा कार्प कुळातील माशांचा रोग नावाप्रमाणेच वसंत ऋतूत उद्भवतो. पाण्याचे तापमान साधारण 10 ते 17 अंशांच्या दरम्यान असते, हिवाळ्यानंतर माशांची रोगप्रतिकारशक्ती अजून पुरती जागी झालेली नसते आणि विषाणू मात्र जोमात असतो, असा तो काळ. आजारी माशाचे पोट फुगते, कल्ले फिकट पडतात आणि त्वचेवर रक्ताचे ठिपके दिसतात. 2002 साली हा रोग अमेरिकेत प्रथमच आढळला, तोही नॉर्थ कॅरोलायनातील कोई माशांच्या एका प्रकल्पात आणि विस्कॉन्सिनमधील सीडर लेक या तलावातील रानटी कार्पमध्ये. कोई आणि गोल्डफिश हे दोन्ही शोभेचे मासे याच कुळातले असल्याने 2006 साली अमेरिकेने या विषाणूला बळी पडू शकणाऱ्या प्रजातींच्या आयातीवर परवान्याची अट घातली. त्याच वर्षी कॅनडाच्या बाजूला, लेक ऑन्टारियोवरच्या हॅमिल्टन बंदरातील कार्पमध्येही हा विषाणू सापडला. पंचवीस-सव्वीस अंशांच्या पाण्यात राहणाऱ्या टेट्राचा या गोष्टीशी फारसा संबंध येत नाही. विषाणूला मानवणारे पाणी त्याला मानवत नाही आणि त्याला मानवणारे पाणी त्या प्रदेशातील कोणत्याही तलावात हिवाळ्यात मिळत नाही.

रोग हा एक भाग झाला. दुसरा भाग असा की, सुटलेला गोल्डफिश उत्तर अमेरिकेतील हिवाळा काढू शकतो. तलावावर बर्फाचा थर जमला की हवेतील प्राणवायू पाण्यात मिसळणे थांबते आणि उथळ तळ्यांत काही आठवड्यांत खालचे पाणी जवळजवळ प्राणवायूविरहित होऊन जाऊ शकते. अशा पाण्यात बहुतेक मासे मरतात, कारण प्राणवायूशिवाय ऊर्जा तयार करताना शरीरात लॅक्टिक आम्ल साचत जाते. गोल्डफिश आणि त्याचा भाऊबंद क्रूशियन कार्प यांच्या स्नायूंमध्ये मात्र विकरांचा (एन्झाइमांचा) एक जादा संच असतो, जो या मार्गाला वेगळे वळण देतो आणि आम्लाऐवजी इथेनॉल, म्हणजे साधा अल्कोहोल, तयार करतो. हा अल्कोहोल कल्ल्यांवाटे पाण्यात निघून जातो. या विकरांचा उगम कुठला, हे ऑस्लो आणि लिव्हरपूल येथील संशोधकांनी 2017 साली उलगडून दाखवले. या माशांच्या पूर्वजांमध्ये जनुकांचा संपूर्ण संच एकदा दुप्पट झाला होता आणि त्या जादा प्रतींतून हे नवे काम करणारी विकरे घडली. क्रूशियन कार्पच्या रक्तातील अल्कोहोल अशा वेळी दर 100 मिलिलिटरला 50 मिलिग्रॅमच्याही वर जाते. भारतातील वाहनचालकासाठी हीच मर्यादा 30 मिलिग्रॅम आहे, म्हणजे हा मासा आपल्याकडे गाडी चालवताना नक्कीच पकडला गेला असता.

त्यामुळे घरातला गोल्डफिश कंटाळा आला म्हणून जवळच्या तळ्यात सोडून देणे हे टेट्रा सोडण्यापेक्षा कितीतरी गंभीर आहे. मिनेसोटातील बर्न्सव्हिल या शहराने 2021 च्या जुलैमध्ये केलर लेकमधून काढलेल्या फुटबॉलएवढ्या गोल्डफिशची छायाचित्रे प्रसिद्ध करून, कृपया पाळीव मासे तलावात सोडू नका, अशी विनंती नागरिकांना केली होती. तळाचा गाळ उपसत खाण्याच्या त्यांच्या सवयीने पाणी गढूळ होते आणि पाणवनस्पती उपटल्या जातात. आपल्याकडच्या तलावांत आणि नद्यांत शिरलेला सकर मासा याच वाटेने, म्हणजे फिशटँकमधूनच, बाहेर पडलेला आहे. तो उष्ण प्रदेशातला असल्याने आपले पाणी त्याला मानवले. कोणता मासा कुठे धोकादायक ठरेल हे त्या-त्या ठिकाणच्या पाण्यावर ठरते आणि म्हणूनच एका देशाचा नियम दुसऱ्या देशाला जसाच्या तसा लागू पडत नाही.

उलट दिशेने, म्हणजे अमेरिकेतून कॅनडात जाणाऱ्यांसाठी व्यवस्था निराळी आहे. तिथेही गोल्डफिश आणि कोई रोगाच्या यादीतले आहेत, पण घरगुती पाळीव माशांना सवलत आहे. मालकाने स्वतः सोबत आणलेले, दहापेक्षा जास्त नसलेले मासे परवान्याशिवाय नेता येतात. त्यानंतर वर्षभर मात्र ते घरातल्या टाकीतच ठेवावे लागतात आणि बाहेरच्या कोणत्याही जलचराशी त्यांचा संबंध येऊ द्यायचा नसतो. मला हा वर्षभराचा नियम फार शहाणपणाचा वाटतो. ऑन्टारियोतील कावार्था तलावांमध्ये 2007 च्या उन्हाळ्यात हजारो कार्प मरून वर आले, ते कोई हर्पीस विषाणूमुळे. हर्पीस गटातील विषाणूंची खोड अशी की, ते माशाच्या शरीरात बाह्य लक्षणांशिवाय दबा धरून राहू शकतात आणि तापमान बदलले किंवा ताण आला की डोके वर काढतात. सीमेवरच्या अधिकाऱ्याला असा मासा पाहून काहीच कळणार नाही, कारण तो पूर्ण निरोगी दिसतो. वर्षभर वेगळे ठेवल्यास चारही ऋतू त्याच्यावरून जातात आणि जे व्हायचे ते घरातल्या टाकीतच होते. असे नियम अधूनमधून बदलत असल्याने निघण्यापूर्वी दोन्ही देशांच्या संबंधित खात्यांची ताजी माहिती पाहणे आवश्यक आहे. एशियन आरोवानासारख्या दुर्मिळ प्रजातींचा मामला तर वेगळाच आहे. तो मासा संकटग्रस्त प्रजातींच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या पहिल्या परिशिष्टात आहे आणि अमेरिकेच्या स्वतःच्या संकटग्रस्त प्रजाती कायद्यानेही संरक्षित असल्याने घरात कितीही लाडका असला तरी पाळीव म्हणून अमेरिकेत नेता येत नाही.

माशांपेक्षाही सहज निसटून जातात त्या टाकीतल्या इतर गोष्टी. 2021 च्या आरंभी सिॲटलमधील पाळीव प्राण्यांच्या एका दुकानातील कर्मचाऱ्याला ‘मॉस बॉल’ या नावाने विकल्या जाणाऱ्या शेवाळाच्या हिरव्या गोळ्यात एक लहानसा पट्टेदार शिंपला दिसला. तो झेब्रा मसल होता. युक्रेनमधून आयात झालेले असे गोळे अमेरिकेच्या अनेक राज्यांत आणि कॅनडातही पोहोचल्याचे नंतर उघड झाले. झेब्रा मसल उत्तर अमेरिकेला नवा नव्हता. जहाजांच्या तळाशी भरलेल्या पाण्यातून आलेला हा शिंपला 1988 साली प्रथम आढळला तो लेक सेंट क्लेअरमध्ये, जो या दोन देशांच्या सीमारेषेवरच पसरलेला आहे. पाण्याचे नळ, धरणांच्या जाळ्या, बोटींचे तळ यांवर त्याचे थर जमतात आणि एकदा तो बसला की समूळ काढणे जवळजवळ अशक्य होते. ज्या पश्चिमेकडील राज्यांनी तो आपल्याकडे येऊ नये म्हणून वर्षानुवर्षे रस्त्यांवर बोटी थांबवून तपासल्या, तिथे तो टपालाच्या खोक्यातून घरोघर पोहोचत होता. हे गोळे टाकून देण्यापूर्वी गोठवावेत किंवा उकळावेत, अशी सूचना तेव्हा देण्यात आली. सीमा ओलांडताना टाकीतल्या वनस्पती, गोगलगाई आणि तळाची वाळू मागे ठेवून जाणे हाच त्यातल्या त्यात निर्धोक मार्ग आहे.

आता प्रत्यक्ष प्रवासाकडे वळू. बंद पिशवीतील माशाला प्राणवायू कमी पडेल, ही बहुतेकांची पहिली काळजी असते, पण ती तुलनेने सोपी आहे. 25 अंशांच्या गोड्या पाण्यात साध्या हवेतून लिटरमागे सुमारे 8 मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो. पिशवीत शुद्ध प्राणवायू भरला तर हेच प्रमाण जवळपास पाचपट होते. म्हणून मासे पाठवणारे व्यापारी पिशवीत एक तृतीयांश किंवा त्याहूनही कमी पाणी घेतात, उरलेली हवा दाबून काढून टाकतात, सिलिंडरची नळी पाण्यापर्यंत सोडून पिशवी प्राणवायूने फुगवतात, तिचे तोंड पिळून दुमडतात आणि त्यावर रबरबँडचे वेढे घट्ट बसवतात. मग ती पिशवी उलटी करून दुसऱ्या पिशवीत घालतात. पिशवीच्या तळाच्या टोकदार कोपऱ्यात लहान मासा अडकून चिरडला जाण्याची भीती असते आणि उलटी केल्यावर ते कोपरे वर जातात. दोन्ही पिशव्या थर्माकोलच्या खोक्यात अंधारात ठेवल्या की मासे शांत राहतात.

खरी अडचण अमोनियाची आहे. मासा प्रथिनांच्या पचनातून निर्माण होणारा नत्र मुख्यतः अमोनियाच्या रूपात कल्ल्यांवाटे सतत बाहेर टाकतो. पाण्यात हा अमोनिया दोन रूपांत असतो. एक विद्युतभारित अमोनियम, जे कल्ल्यांतून सहजी आत शिरत नाही, आणि दुसरे भाररहित अमोनिया, जे थेट रक्तात शिरून मज्जासंस्थेवर आघात करते. या दोहोंचे प्रमाण पाण्याच्या सामूवर, म्हणजे पाणी किती आम्ल किंवा अल्कधर्मी आहे हे सांगणाऱ्या pH या आकड्यावर ठरते. 25 अंशांच्या पाण्याचा सामू 7 असेल तर एकूण अमोनियापैकी जेमतेम अर्धा टक्काच विषारी रूपात असतो. सामू 8 झाला की तेच प्रमाण पाच टक्क्यांच्या वर जाते. म्हणजे सामूच्या एका अंकाने विष जवळपास दसपट होते.

बंद पिशवीत मासा स्वतःच स्वतःला वाचवत असतो. त्याच्या श्वसनातून निघालेला कार्बन डायऑक्साइड बाहेर जाऊ शकत नाही, तो पाण्यात विरघळून सौम्य आम्ल बनतो आणि सामू खाली आणतो. अमोनिया साचत जातो, पण निरुपद्रवी रूपात. याला मर्यादा आहेतच, कारण आम्लता फार वाढली की माशाच्या रक्तातील हिमोग्लोबिन प्राणवायू नीट धरू शकत नाही आणि पाणी प्राणवायूने भरलेले असूनही मासा धापा टाकू लागतो. आठ-दहा तासांत, माशांची गर्दी केलेली नसेल तर, तिथवर वेळ येत नाही. मोटारीने जाणारे बरेच लोक मात्र पिशवीऐवजी झाकणाची बादली आणि बॅटरीवरचा एअर पंप वापरतात. तिथे रसायनशास्त्र पालटते. पंपाचे बुडबुडे कार्बन डायऑक्साइड हवेत उडवून लावतात, सामू चढाच राहतो आणि साचलेला अमोनिया अधिक विषारी ठरतो. बादलीची पद्धत वाईट नाही, पण तिच्यात माशामागे पाणी बरेच जास्त लागते आणि वाटेत काही पाणी बदलण्याची किंवा अमोनिया शोषणाऱ्या झिओलाइट या खनिजाची पुरचुंडी पाण्यात सोडण्याची तयारी ठेवावी लागते. पद्धत कोणतीही असो, निघण्यापूर्वी दिवस-दोन दिवस माशांना खायला न देणे अत्यंत महत्त्वाचे आहे. अनेकांना हे क्रूर वाटते आणि निघताना मुठीने खाद्य टाकण्याचा मोह होतो, पण निरोगी मोठ्या माशाला एवढ्या उपासाने काहीही होत नाही आणि भरल्या पोटाचा मासा वाटेत कितीतरी अधिक घाण करतो.

विमानाने नेताना यात दाबाची भर पडते. उडत्या विमानातील दाब समुद्रसपाटीपासून साधारण 2,400 मीटर उंचीवरील दाबाइतका उतरू शकतो, म्हणजे जमिनीवरच्या दाबाच्या तीन-चतुर्थांश. घट्ट फुगवलेली पिशवी अशा वेळी ताणून फुटू शकते, म्हणून ती थोडी सैल ठेवतात. अमेरिकेतील विमानतळांवरची सुरक्षा तपासणी पारदर्शक भांड्यातील पाण्यासह जिवंत मासे पाहून आत सोडते, पण विमानात घ्यायचे की नाही हे ज्याची-त्याची विमान कंपनी ठरवते.

मुक्कामी पोहोचल्यावर सर्वाधिक चुका होतात, त्याही सावधगिरीच्या नावाखाली. पिशवी उघडून तिच्यात नव्या टाकीचे पाणी थेंबथेंब तासभर सोडत राहावे, असा सल्ला सर्रास दिला जातो. जवळच्या दुकानातून अर्ध्या तासात आणलेल्या माशासाठी तो ठीक आहे. दहा तास बंद राहिलेल्या पिशवीचे तोंड उघडताच मात्र साचलेला कार्बन डायऑक्साइड निसटू लागतो, सामू वर चढतो आणि इतका वेळ निरुपद्रवी राहिलेला अमोनिया तिथल्या तिथे विषारी होऊ लागतो. त्यातच टाकीचे कमी आम्लाचे पाणी मिसळत गेल्याने ही क्रिया आणखी वेगाने होते. त्यामुळे लांबच्या प्रवासानंतर पिशवी न उघडता टाकीच्या पाण्यावर पंधरा-वीस मिनिटे तरंगत ठेवून तापमान सारखे करावे आणि मग ती उघडून मासे जाळीने लगेच टाकीत सोडावेत. टाकीचे पाणी आधीच्या घरातील पाण्याशी क्षारता आणि सामू यांबाबत मिळतेजुळते असेल तर उत्तम. पिशवीतले पाणी टाकीत ओतू नये आणि अंगणातल्या किंवा रस्त्यावरच्या पावसाळी गटारातही सोडू नये, कारण ती गटारे पुष्कळदा थेट ओढ्याला किंवा तलावाला जाऊन मिळतात. ते घरातल्या संडासात ओतावे.

टाकीच्या फिल्टरमधील स्पंज जुन्या टाकीच्या पाण्याने ओला ठेवून सोबत आणता आला, तर त्यात वाढलेले जीवाणू नव्या टाकीतील अमोनियाचे नायट्रेटमध्ये रूपांतर पहिल्या दिवसापासून करू लागतात. स्पंज वाळला किंवा हवाबंद डब्यात तासन्‌तास राहिला की हे जीवाणू मरू शकतात आणि मग टाकी पुन्हा स्थिरस्थावर होण्यास महिनाभर लागू शकतो. अशा कोऱ्या टाकीत पहिले काही आठवडे खाद्य अगदी बेताने द्यावे आणि दर दोन-तीन दिवसांनी थोडे पाणी बदलत राहावे.