दोनदा जन्मलेली लव्हिंग काउंटी

अमेरिकेतल्या टेक्सास राज्याच्या पश्चिम भागात, न्यू मेक्सिकोच्या हद्दीला लागून सुमारे १,७५० चौरस किलोमीटरचा वैराण तुकडा आहे. हीच लव्हिंग काउंटी; काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा विभाग. २०२०च्या जनगणनेत तिथे ६४ माणसे भरली, अख्ख्या अमेरिकेतल्या काउंट्यांत सर्वांत कमी. पश्चिमेची हद्द पेकोस नदीची, पण पाणी खारट. बाकी वाळू आणि मेस्कीटची काटेरी झुडपे.

लव्हिंग हे नाव गुरांच्या एका व्यापाऱ्याचे. १८६७मध्ये गुरांचा तांडा नेताना तो याच नदीकाठी कोमांचे या मूळनिवासी जमातीच्या हल्ल्यात जखमी झाला आणि पुढे दगावला. वीस वर्षांनी टेक्सासच्या विधिमंडळाने नकाशावर रेघ मारून काउंटी 'निर्माण' केली. खरा घोळ इथून पुढे आहे.

टेक्सासात काउंटी 'निर्माण' होणे वेगळे आणि 'संघटित' होणे वेगळे. निर्माण करायला कायदा पुरतो. संघटित व्हायला १५० मतदारांच्या सह्यांचा अर्ज लागतो, मग निवडणुकीतून शेरीफ (पोलीसप्रमुख), क्लार्क (नोंदी ठेवणारा) असे अधिकारी निवडले जातात आणि कर गोळा करायचा हक्क मिळतो. तोवर कारभार शेजारच्या काउंटीकडे. १८९०च्या जनगणनेत लव्हिंगमध्ये फक्त तीन माणसे होती. १८९३मध्ये मात्र १५० सह्यांचा अर्ज दाखल झाला आणि मंजूरही! मागे डेन्व्हरची एक कालवा कंपनी होती. पेकोसचे पाणी वळवून जमीन पिकवायचा तिचा बेत पुराने धुऊन नेला. मग सह्या कुणाच्या, मते कुणाची, असे प्रश्न सुरू झाले आणि १८९७मध्ये विधिमंडळाने काउंटी मोडून शेजारच्या रीव्ह्ज काउंटीला जोडली. याला कुणी वसाहतीचा फसलेला प्रयोग म्हणतात. तिनाचे दीडशे झालेले पाहता सरळ लबाडी म्हणायला हरकत नसावी.

१९२१मध्ये तेल लागले. १९३१मध्ये काउंटी पुन्हा संघटित झाली, टेक्सासच्या २५४ काउंट्यांमध्ये सर्वांत शेवटी. दोनदा संघटित झालेलीही हीच एक. मुख्य गाव मेंटोन, पण हे ते जुने मेंटोन नव्हे. कालवेवाल्यांचे त्याच नावाचे पहिले गाव केव्हाच ओस पडले होते. या गावाचे मूळ नाव रॅम्सी, त्याला जुने नाव दिले. १९४०मध्ये काउंटीत २८५ लोक होते. पुढे तेलाच्या विहिरी आटत गेल्या तशी माणसेही गेली, शाळा बंद पडली, मुले शेजारच्या काउंटीतल्या विंकला जाऊ लागली. गावात पिण्याचे पाणी कित्येक वर्षे टँकरने येत असे.

गेल्या दशकात शेल तेलाने (खडकाच्या थरांत अडकलेल्या तेलाने) चित्र पालटले. विटांच्या जुन्या कोर्टहाउससमोरून रात्रंदिवस ट्रक धावतात, कामगार तात्पुरत्या छावण्यांत राहतात आणि ६४ जणांच्या काउंटीकडे तेलावरच्या कराचे कोट्यवधी डॉलर येतात. साहजिकच दहा-वीस मतांनाही मोल आले. मतदार यादीतली नावे जनगणनेतल्या माणसांपेक्षा जास्त आहेत. काहींची गुरे इथे, घर दुसरीकडे. त्यांना इथले रहिवासी धरायचे की नाही, यावरून निवडणुकीचे निकाल कोर्टात जातात.