रॉ नेटफ्लिक्सवर गेलं, म्हणजे नेमकं कुठे गेलं?

आमच्या गल्लीतल्या सलूनमध्ये मंगळवारी सकाळी टीव्हीवर कुस्ती लागलेली असायची. तालमीतली नव्हे, ‘डब्ल्यूडब्ल्यूएफ’ या अमेरिकन कंपनीची. तिचा दर आठवड्याचा कार्यक्रम म्हणजे ‘रॉ’. कंपनीने 2002 साली नाव बदलून डब्ल्यूडब्ल्यूई केलं, पण आमच्या गल्लीपर्यंत ती बातमी अजून पोचलेली नाही. दाढी झालेली माणसंसुद्धा बाकावरून उठायची नाहीत. एक आजोबा यायचे, तरुणपणी तालमीत घाम गाळलेले. “सगळं ठरवून असतंय म्हणे,” असं दर वेळी म्हणायचे आणि शेवटपर्यंत बसायचे.

2025 च्या एप्रिलमध्ये ते टीव्हीवरून गेलं. सलूनवाल्या दादाने दोन दिवस केबलवाल्याचं डोकं खाल्लं. मग माझ्या भाच्याने उलगडा केला : “मामा, सोनीकडचे हक्क संपले. आता सगळं नेटफ्लिक्सवर. भारीच झालं, आता कधीपण बघता येतं.”

सगळा घोळ त्या ‘कधीपण’मध्ये आहे. ऑनलाइन म्हटलं की आपण दोन वेगळ्या गोष्टी एकाच पोत्यात भरतो. एक म्हणजे लाइव्ह स्ट्रीमिंग : तिकडे घंटा वाजते आणि इकडे आपण बघतो. दुसरी म्हणजे साठवलेलं हवं तेव्हा काढून बघणं, ज्याला ऑन-डिमांड म्हणतात. पहिला आठवडी बाजार, दुसरी घरातली कणगी. दोन्हीकडे ज्वारीच मिळते, पण बाजाराला वार असतो. कुस्तीचे कार्यक्रम टीव्हीवरून हलवावेत का, यावर लोक हिरिरीने भांडतात तेव्हा एक जण बाजाराबद्दल बोलत असतो आणि दुसरा कणगीबद्दल.

दोन्हींत तांत्रिक फरकही मोठा आहे. नेटफ्लिक्सवर सिनेमा लोण्यासारखा चालतो आणि त्याच ॲपवर, त्याच वायफायवर लाइव्ह सामना गोल गोल फिरत बसतो, हे पुष्कळांना कोडं वाटतं. सिनेमाची फाइल आधीच तयार असते. ती तुमच्या इंटरनेटवाल्याच्या जवळपासच्या सर्व्हरवर आणून ठेवलेली असते, आणि तुम्ही पहिलं मिनिट बघत असता तेव्हा ॲप पुढची मिनिटं गुपचूप उतरवून घेतं. मधे नेट दोन-चार सेकंद गचकलं तरी पत्ता लागत नाही. लाइव्हमध्ये ही सोय नाही. जे अजून घडलंच नाही ते आधी उतरवणार कसं? हाताशी फार तर काही सेकंदांचा साठा असतो. तो संपला की चक्र सुरू, आणि नेमका तेव्हाच कुणीतरी वरच्या दोरीवर चढलेला असतो.

टीव्हीला ही अडचण नसते. उपग्रहावरून एकच सिग्नल खाली येतो. तो लाखाने बघा की कोटीने बघा, वरचा भार तेवढाच. स्ट्रीमिंगमध्ये मात्र प्रत्येक घराला वेगळा प्रवाह पुरवावा लागतो. 15 नोव्हेंबर 2024 ला नेटफ्लिक्सने माइक टायसन आणि जेक पॉल यांची बॉक्सिंगची लढत दाखवली. कंपनीच्याच आकड्यांनुसार एका वेळी 6.5 कोटी प्रवाह चालू होते, आणि असंख्य लोकांच्या पडद्यावर चित्र अडकून बसलं होतं. पुढे दोनच महिन्यांनी, 6 जानेवारी 2025 ला, त्याच नेटफ्लिक्सवर अमेरिकेत ‘मंडे नाइट रॉ’ सुरू झालं; आपल्याकडे ते एप्रिलमध्ये आलं. दहा वर्षांचा, 5 अब्ज डॉलरहून मोठा करार. 1993 पासून मुख्यतः केबलवर काढलेल्या कार्यक्रमाने घर बदललं.

घर बदललं, पण वेळ बदलली का? नाही. अमेरिकेत सोमवारी रात्र, आपल्याकडे मंगळवारी पहाट. साधारणपणे उन्हाळ्यात साडेपाच, हिवाळ्यात साडेसहा, कारण तिकडचे लोक वर्षातून दोनदा घड्याळ हलवतात. भाचा पहिले तीन आठवडे ‘कधीपण’ म्हणत संध्याकाळी कॉलेजवरून आल्यावर बघत होता. चौथ्या आठवड्यात गजर लावून साडेपाचला उठायला लागला. सात वाजेपर्यंत मित्रांच्या व्हॉट्सॲप स्टेटसला निकाल लागलेला असतो, आणि निकाल कळलेली कुस्ती म्हणजे गार झालेला चहा.

तरी ‘ताजं ते सगळं चांगलं’ असंही नाही. 1990 च्या दशकात सोमवारी रात्री कुस्तीचे दोन कार्यक्रम समोरासमोर असायचे : डब्ल्यूडब्ल्यूएफचं रॉ आणि प्रतिस्पर्धी डब्ल्यूसीडब्ल्यूचं नायट्रो. नायट्रो लाइव्ह असायचं, रॉचे बरेच भाग आधी चित्रित केलेले. 4 जानेवारी 1999 च्या रात्री नायट्रोच्या समालोचकाने, टोनी शियावोनेने, वरिष्ठांच्या सांगण्यावरून रॉचा निकाल फोडला : आज तिकडे मिक फोली चॅम्पियन होणार आहे. वर खवचट शेराही मारला, की आता काय गर्दी लोटणार! झालं उलटं. लाखो लोकांनी रिमोट उचलला आणि फोलीला जिंकताना बघायला तिकडे गेले. सामना सहा दिवस शिळा होता, निकालही माहीत झाला होता. ताजी होती ती वेळ : सगळा देश एकाच घटकेला तेच बघतोय ही भावना. कणगीत ती साठवता येत नाही.

आणि ती रात्र घडली रिमोटच्या एका बटणावर. आज कुणी असा निकाल फोडला तर तुम्हाला एका ॲपमधून बाहेर पडून दुसऱ्यात शिरावं लागेल, तेही त्याचे पैसे भरलेले असतील तर. तेवढ्यात कुस्ती आटोपते.

आता कणगीची बाजू, कारण तिचंही कौतुक करायला हवं. फेब्रुवारी 2014 मध्ये डब्ल्यूडब्ल्यूईने स्वतःची ऑनलाइन सेवा काढली, डब्ल्यूडब्ल्यूई नेटवर्क, महिना 9.99 डॉलर. जुन्या सामन्यांचा अख्खा खजिना, शिवाय रेसलमेनियासारखे मोठे कार्यक्रम थेट. तोवर अशा कार्यक्रमासाठी अमेरिकेतला प्रेक्षक दर वेळी पाच-सहा पट पैसे मोजत होता. मात्र आठवड्याचं ताजं रॉ त्यांनी नेटवर्कवर ठेवलं नाही, ते केबलवरच राहिलं. बाजार कुठे भरवायचा आणि कणगी कुठे ठेवायची, याचा हिशेब त्यांना तेव्हाच कळला होता.

पण कणगी दुसऱ्याच्या वाड्यात ठेवली की काय होतं, तेही दिसलं. मार्च 2021 मध्ये अमेरिकेतला तो खजिना पीकॉक या सेवेवर गेला, आणि थोड्याच दिवसांत जुन्या कार्यक्रमांतले वर्णद्वेषी प्रसंग कापले जाऊ लागले. 1990 च्या रेसलमेनियात रॉडी पायपर हा गोरा मल्ल अर्धं अंग काळं रंगवून आला होता, तो भाग गायब. प्रसंग किळसवाणाच होता. तरी इतिहासाची प्रत कुणाच्या कपाटात आहे आणि किल्ली कुणाकडे, हा प्रश्न उरतो. व्हिडिओ कॅसेटवर निदान घरातल्या पोरांनी लग्न रेकॉर्ड करेपर्यंत तरी सामना शाबूत राहायचा.

आणखी एक गल्लत आकड्यांची. नेटफ्लिक्सवरच्या पहिल्या रॉला जगभरात 49 लाख ‘व्ह्यूज’ मिळाले असं नेटफ्लिक्सने सांगितलं. त्यांचा व्ह्यू म्हणजे एकूण बघितलेले तास भागिले कार्यक्रमाची लांबी. टीव्हीचा आकडा म्हणजे सरासरी कोणत्याही मिनिटाला किती जण बघत होते ते. शिवाय एक जगाचा, एक अमेरिकेचा. हे दोन शेजारी ठेवून ‘दुप्पट झाले’, ‘निम्मे झाले’ म्हणणाऱ्यांकडे दुर्लक्ष करावं.

मग हलवावं की नाही? कंपनीकडे याचं तात्त्विक उत्तर नाही. जिथे बोली मोठी तिथे दुकान. रॉ नेटफ्लिक्सला विकणाऱ्या याच कंपनीने सप्टेंबर 2024 मध्ये अमेरिकेतलं स्मॅकडाउन, म्हणजे तिचा दुसरा साप्ताहिक कार्यक्रम, फॉक्स चॅनेलवरून उचलून यूएसए नेटवर्क या केबल चॅनेलवर नेलं. म्हणजे जग ऑनलाइन चाललंय असं सांगत असतानाच एक पाय केबलवर घट्ट. भारतात मात्र दोन्ही पाय नेटफ्लिक्सवर.

माझं मत विचाराल तर जुने सामने ॲपवरच शोभतात, त्यांना चॅनेल कशाला हवं. पहाटेचं लाइव्हही ॲपवर जाऊ द्या. गजर लावून उठणारा माणूस ॲपही शोधून काढतो. पण त्याच दिवशी संध्याकाळी दोन तासांचा हिंदी भाग एखाद्या साध्या चॅनेलवर असायला हवा होता. महिना 149 रुपयांचा मोबाइल प्लॅन महाग नाही हे मान्य, पण तो आधीपासून आवड असलेला माणूस घेतो. आवड लागते ती चॅनेल बदलता बदलता. आमच्या पिढीत अंडरटेकर या मल्लाला शोधत कुणी गेलं नव्हतं. क्रिकेट बघायला टीव्ही लावला, पाऊस आला म्हणून मॅच थांबली, पुढच्या चॅनेलवर दिवे गेले, घंटा वाजली आणि काळी टोपी घातलेला एक माणूस संथ चालत येताना दिसला. दुसऱ्या दिवशी शाळेत सगळ्यांनी डोळे पांढरे करून बघितले. ॲप आपल्याला आधीच आवडणाऱ्या गोष्टी पुढे करतं. असा अपघात त्यात फार क्वचित घडतो.

शिवाय ॲपचं खातं एका घराचं असतं, सलूनचं नसतं. दादा आता टीव्हीवर यूट्यूब लावतो. डब्ल्यूडब्ल्यूईचेच फुकटचे तुकडे : तीन मिनिटं, पाच मिनिटं, सगळ्या उड्या आणि शेवटचा दणका. प्रवेश नाही, शिव्याशाप नाहीत, पंचाची नजर चुकवून खुर्ची आणणं नाही. आजोबांनी एकदा विचारलं, “पण हा त्याला मारतोय कशासाठी?” कुणालाच सांगता आलं नाही. दाढी झाली की गिऱ्हाईक हल्ली उठून जातं.