कोपाईस तळं इंग्रजांनीच पहिल्यांदा आटवलं का?

ग्रीसच्या बिओशिया भागातल्या अलिआर्तोस या छोट्या शेतीच्या गावाबद्दल एक समज पक्का बसला आहे: इथे आधी नुसती दलदल होती, इंग्रज कंपनी आली आणि जमीन झाली. हे अर्धंच खरं आहे.

आज कापूस पिकतो ती जमीन म्हणजे कोपाईस तळ्याचा तळ. या तळ्याचं पाणी चुनखडीच्या डोंगरांतल्या नैसर्गिक विवरांतून समुद्राकडे झिरपायचं. विवरं तुंबली की शिवारं बुडायची. ते पाणी बांध आणि कालवे काढून पहिल्यांदा वळवलं मायसीनी काळातल्या (म्हणजे ग्रीसच्या कांस्ययुगातल्या) लोकांनी, इ. स. पूर्व 14व्या-13व्या शतकात. त्यांच्या ग्ला किल्ल्याच्या कोठारात उत्खननात जळून कोळसा झालेले गव्हाचे दाणे सापडले. तीन हजार वर्षांपूर्वीचं पीक, अजून दाण्याच्या आकारात! पुढे व्यवस्था ढासळली, तळं परत भरलं, आणि तिथले मासे, विशेषतः वाम, अथेन्सच्या बाजारात भाव खाऊ लागले.

19व्या शतकात पुन्हा सुरुवात केली तीही फ्रेंच कंपनीने. इंग्रजांनी ते अपुरं काम हाती घेऊन 20व्या शतकात पुरं केलं, त्याचं श्रेय त्यांना द्यायलाच हवं. पण जमिनीची मालकीही कंपनीकडेच होती. अलिआर्तोस हे तिचं ठाणं आणि भोवतालचे शेतकरी तिची कुळं. ती जमीन ग्रीक सरकारकडे आली 1950च्या दशकाच्या सुरुवातीला, मग शेतकऱ्यांना वाटली गेली.