आधी वर्ग, मग पदविका: नोकरीतल्या शिक्षकांच्या पात्रतेची कोल्हापुरातून दिसणारी पार्श्वभूमी

‘आधी शिकवायला लागायचं आणि कोर्स नोकरीत राहून करायचा’ ही सोय २०१७ मध्ये एनआयओएस या मुक्त शिक्षण संस्थेने काढलेल्या डी.एल.एड. या प्राथमिक शिक्षकांच्या पदविकेने आणली, असा समज बऱ्याच तरुण शिक्षकांत आहे. कोल्हापूर जिल्ह्यापुरतं बोलायचं तर ही वाट शंभर वर्षांपेक्षा जुनी आहे. उलट बारावीनंतर दोन वर्षं अध्यापक विद्यालयात बसायचं, पदविका हातात घ्यायची आणि मगच वर्गात पाऊल टाकायचं, हा प्रकार त्या मानाने अलीकडचा. त्याचा भरभराटीचा काळही फार लांबला नाही.

मुंबई इलाख्यात प्राथमिक शाळेचा मास्तर व्हायला ‘व्हर्नाक्युलर फायनल’ म्हणजे मराठी सातवी पास होणं पुष्कळ होतं. ट्रेनिंग कॉलेजं होती, पण जागा मोजक्या. त्यामुळे नेमणूक आधी, आणि पाळी आली की शिष्यवृत्तीवर ‘ट्रेनिंगला’ रवानगी, असा क्रम पडला. १८८२ साली सरकारच्या हंटर शिक्षण आयोगापुढे निवेदन देताना महात्मा फुल्यांनी नेमकं या दुखण्यावर बोट ठेवलं होतं. शिक्षक प्रशिक्षित असावा, शक्यतो शेतकरी वर्गातून आलेला असावा आणि त्याला पगार बरा मिळावा, ही त्यांची मागणी होती. प्रशिक्षण आणि पगार त्यांनी एकत्र मांडले, हे लक्षात घेण्यासारखं आहे. पुढच्या बहुतेक सरकारी योजनांनी पहिलं उचललं आणि दुसरं विसरलं.

कोल्हापूर संस्थानात या प्रश्नाला एकदम धार आली ती १९१७ मध्ये. राजर्षी शाहू महाराजांनी प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं. मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला दरमहा एक रुपया दंड ठेवला. ब्रिटिश मुलखात गोखल्यांचं सक्तीच्या शिक्षणाचं विधेयक काही वर्षांपूर्वीच फेटाळलं गेलं होतं. सयाजीराव गायकवाडांच्या बडोद्याने मात्र १९०६ पासून हा प्रयोग चालवला होता. कोल्हापूरने तो गावागावांत नेला. पण सक्ती म्हणजे मुलं वाढणार, मुलं वाढली की मास्तर लागणार, आणि शिकलेला मास्तर काही हुकूम काढून एका वर्षात तयार होत नाही. जो मिळेल त्याला शाळेवर उभं करायचं आणि पुढे जमेल तसं घडवायचं, एवढाच मार्ग संस्थानाच्या हातात होता. याला कोणी धोरणाची चूक म्हणेल. मला ती अपरिहार्य वाटते. पुरेसे प्रशिक्षित शिक्षक मिळेपर्यंत थांबायचं ठरवलं असतं, तर एक आख्खी पिढी निरक्षर राहिली असती. शाहू महाराज १९२२ मध्ये गेले, म्हणजे त्यांना मिळालेला वेळही फार नव्हता.

१९४९ मध्ये संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं. १९६२ मध्ये जिल्हा परिषदा आल्या आणि ग्रामीण प्राथमिक शाळा त्यांच्याकडे गेल्या. कारभारी बदलले तरी शिक्षकाच्या सेवापुस्तकातली एक विभागणी टिकून राहिली: प्रशिक्षित वेतनश्रेणी आणि अप्रशिक्षित वेतनश्रेणी. पी.टी.सी. हे प्राथमिक शिक्षकाचं प्रशिक्षण-प्रमाणपत्र मिळवलेला आणि न मिळवलेला असे दोघे शेजारशेजारच्या वर्गांत तेच काम करत, पगारात मात्र फरक असे. आपल्याकडे शिक्षक नोकरीत असताना कोर्सला जायचा तो बऱ्याच अंशी या फरकासाठी. त्यात लाजण्यासारखं काही नाही. पण ‘सेवेत राहून व्यावसायिक विकास’ अशी भाषा करणाऱ्यांनी हा व्यवहार नजरेआड करू नये.

या कहाणीत कोल्हापूरचा आणखी एक माणूस येतो आणि त्याचं नाव इथल्या शिक्षकांनाही या संदर्भात क्वचितच आठवतं. जे. पी. नाईक आजरा तालुक्यातल्या बहिरेवाडीचे. भुदरगड तालुक्यात गारगोटीला त्यांनी मौनी विद्यापीठ उभं केलं. खेड्यातल्या माणसाचं शिक्षण खेड्यातच व्हावं, शिक्षकही तिथेच तयार व्हावा, अशी त्यामागची धारणा. पुढे १९६४ ते ६६ या काळात दौलतसिंह कोठारी यांच्या अध्यक्षतेखालच्या शिक्षण आयोगाचे ते सदस्य-सचिव होते. या आयोगाच्या अहवालात शिक्षक-प्रशिक्षणावर स्वतंत्र प्रकरण आहे. अप्रशिक्षित शिक्षकांचा साचलेला अनुशेष संपवावा, त्यासाठी अर्धवेळ आणि पत्रद्वारा प्रशिक्षणाच्या सोयी मोठ्या प्रमाणावर कराव्यात, अशी शिफारस त्यात आहे. सोबत एक अटही आहे: हे करताना पूर्णवेळ संस्थांमधला दर्जा खाली येता कामा नये. पन्नास वर्षांनंतर न्यायालयांत जो वाद झडला तो तंतोतंत या अटीभोवतीच, म्हणून ती इथे मुद्दाम नोंदवतो. प्रशिक्षण विद्यालयं शाळांपासून आणि विद्यापीठांपासून तुटलेली आहेत, ही आयोगाची तक्रारही जुनी झालेली नाही. गारगोटीसारख्या ठिकाणी काम केलेल्या माणसाला ती सुचली यात नवल नाही.

पी.टी.सी. मागे पडून डी.एड. ही पदविका आली. नव्वदच्या दशकापर्यंत डी.एड. म्हणजे नोकरी, आणि मुलगी डी.एड. म्हणजे लग्नाच्या बाजारात वजन, असं समीकरण आपल्या भागात पक्कं बसलं. २००० नंतर खासगी अध्यापक विद्यालयांचं पेव फुटलं. त्याच सुमारास शिक्षण सेवक योजना आली: पहिली तीन वर्षं प्राथमिक शिक्षकाला महिना ३,००० रुपये मानधन. पुढे भरती आटली, विद्यालयांना विद्यार्थी मिळेनात, कित्येक बंद पडली. पदविकेचं नाव मधल्या काळात डी.टी.एड. आणि नंतर डी.एल.एड. झालं. नाव बदललं म्हणून जागा काही निघाल्या नाहीत.

याच वर्षांत दुसऱ्या टोकाला वस्तीशाळा चालू होत्या. शाहूवाडी, राधानगरी, भुदरगड, गगनबावडा या डोंगरी तालुक्यांतले धनगरवाडे आठवा. मूळ गावची शाळा लांब, पावसाळ्यात ओढे आडवे येतात, रस्ता जंगलातून जातो. अशा वस्त्यांसाठी २०००-०१ च्या सुमारास राज्याने ही योजना काढली. स्थानिक, दहावी-बारावी झालेला तरुण किंवा तरुणी सुरुवातीला महिना हजार रुपयांवर निमशिक्षक म्हणून नेमायची. शाळा कधी देवळात, कधी कुणाच्या पडवीत. या निमशिक्षकांकडे प्रशिक्षण नव्हतं, पण मुलांची घरं, बोली, कोण कधी गुरांमागे जातं हे सगळं त्यांना ठाऊक होतं. त्यांनी शिकवता शिकवता पत्रद्वारा डी.एड. केलं: सुट्टीत संपर्क सत्र, घरी स्वाध्याय, आपल्याच शाळेत सरावपाठ. १ मार्च २०१४ पासून त्यांना नियमित सेवेत घेतलं गेलं, तेही मोर्चे आणि निवेदनांच्या बऱ्याच फेऱ्या झाल्यावर. नोकरीत राहून पात्र झालेल्या शिक्षकांविषयी बोलताना लोक खासगी शाळांकडे बोट दाखवतात. महाराष्ट्रातलं या वाटेचं सगळ्यात खडतर उदाहरण मात्र सरकारने स्वतःच नेमलेल्या या निमशिक्षकांचं आहे.

शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला आणि १९१७ चीच गोष्ट देशभर घडली. मूल शाळेत आलंच पाहिजे, आणि शिक्षक पात्र असलाच पाहिजे. ऑगस्ट २०१० मध्ये राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेने, म्हणजे एनसीटीईने, किमान पात्रता ठरवली. पहिली ते पाचवीसाठी बारावीला ५० टक्के गुण, दोन वर्षांची पदविका आणि वर टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा. आधीपासून नोकरीत असलेल्यांना पाच वर्षांची मुदत मिळाली. ती मार्च २०१५ मध्ये संपली तेव्हा लाखो शिक्षक अजून अप्रशिक्षितच होते. मग ऑगस्ट २०१७ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली आणि ३१ मार्च २०१९ ही शेवटची तारीख ठरली. त्यानंतर पदविका नसलेल्याला वर्गावर ठेवता येणार नव्हतं.

एवढ्या थोड्या वेळात एवढी माणसं कुठल्याच अध्यापक विद्यालयांत मावणारी नव्हती. म्हणून काम राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेकडे, म्हणजेच एनआयओएसकडे गेलं. ‘स्वयं’ पोर्टल आणि ‘स्वयंप्रभा’ वाहिनीच्या आधाराने दूरस्थ डी.एल.एड. सुरू झालं. देशभरातून १३ लाखांहून जास्त शिक्षकांनी नोंदणी केली. जिल्हा परिषदेच्या शाळांत भरती बहुतांशी डी.एड.वरच होत आली होती. त्यामुळे कोल्हापूर, इचलकरंजी, गडहिंग्लज अशा ठिकाणी ही घाई उडाली ती मुख्यतः विनाअनुदानित आणि इंग्रजी माध्यमाच्या शाळांत. तिथे बी.ए., बी.कॉम. झालेल्या बायका वर्षानुवर्षं पहिली-दुसरी सांभाळत होत्या. बारावीला ५० टक्के नसतील तर कोर्स चालू असताना गुण सुधारण्याची परीक्षाही द्यायची होती. चाळिशीतल्या बाईंनी मुलाच्या बारावीबरोबर स्वतःचीही बारावी पुन्हा द्यावी, असा तो मामला.

रचना कागदावर चांगली होती. लेखी परीक्षेचे पेपर, शिवाय आपल्याच शाळेत करायचे उपक्रम, अभ्यासकेंद्रावरची कार्यशाळा आणि सराव अध्यापन. नेहमीच्या डी.एड.मध्ये छात्राध्यापक परक्या वर्गात जाऊन पाठ घेतो, निरीक्षक मागच्या बाकावर बसून शेरे लिहितो, आणि वर्गातली मुलं पाहुण्याशी वागावं तशी वागतात. इथे वर्ग स्वतःचा होता. काल घेतलेल्या पाठाचं काय झालं हे आज त्याच मुलांच्या वह्यांत दिसत होतं. सेवांतर्गत प्रशिक्षणाची खरी ताकद हीच आहे असं माझं मत आहे. ती वापरली गेली का, हा वेगळा प्रश्न. पाठ बघायला अनुभवी मार्गदर्शक हवा आणि त्याला वेळ हवा. अनेक ठिकाणी पाठ टाचणांच्या वह्या भरल्या गेल्या, सह्या झाल्या, पाठाकडे कुणी पाहिलंच नाही. कोठारी आयोगाची दर्जाची अट अडखळली ती या जागी. दूरस्थ शिक्षणाला त्यासाठी सरसकट दोष देणं बरोबर नाही. सह्यांपुरतं निरीक्षण नियमित अध्यापक विद्यालयांनाही अपरिचित नव्हतं.

मग वाद कालावधीवर आला. नियमित पदविका दोन वर्षांची, ही अठरा महिन्यांची. २०१९ मध्ये एनसीटीईनेच नव्या भरतीसाठी ती चालणार नाही असं बिहारला कळवलं. २०२० च्या जानेवारीत पाटणा उच्च न्यायालयाने ती ग्राह्य धरली. नोव्हेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उलट कौल दिला: नव्या नेमणुकीसाठी अठरा महिने दोन वर्षांच्या बरोबरीचे नाहीत. देशभर गोंधळ झाल्यावर पुढे स्पष्टीकरण आलं. १० ऑगस्ट २०१७ रोजी जे सेवेत होते आणि ज्यांनी १ एप्रिल २०१९ च्या आत कोर्स पुरा केला, त्यांची पदविका वैध. नोकरी टिकवायला घेतलेला कागद नोकरी बदलायला चालतो की नाही, हे कळायला या शिक्षकांना पाच वर्षं लागली.

दरम्यान वाट आणखी दोन बाजूंनी आवळली गेली. १ सप्टेंबर २०२५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सेवेतल्या शिक्षकांनाही टीईटी बंधनकारक केली. निवृत्तीला पाच वर्षांपेक्षा जास्त काळ असेल तर दोन वर्षांत उत्तीर्ण व्हा. त्याहून कमी उरली असेल तर नोकरी राहील, पण पदोन्नती नाही. ज्या प्रकरणातून हे निघालं ते महाराष्ट्रातलंच. वीस-पंचवीस वर्षं शिकवलेले, रीतसर डी.एड. केलेले शिक्षकही यात आले. दुसरी बाजू बी.एड.वाल्यांची. २०१८ मध्ये एनसीटीईने प्राथमिकसाठी बी.एड. चालेल असं म्हटलं होतं. ऑगस्ट २०२३ मध्ये न्यायालयाने ते रद्द केलं. बी.एड.मध्ये लहान मुलांना शिकवण्याचं शास्त्र नाही, हे त्यामागचं कारण. जे मधल्या काळात नेमले गेले त्यांना काढलं नाही, पण सहा महिन्यांचा सेतू अभ्यासक्रम करायला सांगितलं. तो चालवण्याचं काम पुन्हा एनआयओएसकडेच आलं आहे, आणि शिकणारे या वेळीही दिवसभर वर्ग घेऊन आलेले शिक्षकच आहेत.